निजलेला जंतू : तापमान, प्रतिजैविके आणि क्षयरोगाच्या औषधाची गोष्ट

१९७६ साली शिमग्याला वडील मुंबईहून गावी आले. दरवर्षी पालखी खांद्यावर घेऊन नाचणारा माणूस त्या वर्षी पडवीत घोंगडी पांघरून बसून राहिला. संध्याकाळ झाली की अंगात कसर भरायची, रात्री घामाने सदरा भिजायचा. परळच्या एका गिरणीत ते साचे चालवत. मुंबईत छातीचा फोटो काढला होता, तो पिवळ्या पाकिटात आईने ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत ‘टीबी’ हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. ‘छातीचं दुखणं’ म्हणत आणि पुढचे डोळ्यांनी बोलत.

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. वडिलांना रोज सुई घ्यावी लागे. तीन किलोमीटर चालत जायचे, कंपाउंडर स्टोव्हवर उकळलेली काचेची पिचकारी चिमट्याने उचलायचा, छोट्या बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी सोडून ती हलवायचा आणि टोचायचा. रिकाम्या बाटलीचे रबरी बूच मला मिळे. चार बुचे जमली की काडेपेटीच्या गाडीला चाके होत. परत येताना वडील म्हणत, “ओठाला मुंग्या आल्यात रे.” ते औषध म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

दोन महिन्यांत ताप गेला. भूक लागली, वजन वाढले, भाताच्या लावणीला वडील चिखलात उतरले. गोळ्या मात्र अजून वर्षभर घ्यायच्या होत्या. एका सकाळी त्यांनी गोळ्यांची पुडी कोनाड्यात सारली आणि आईला म्हणाले, “ताप गेला ना, मग गोळ्या कशाला? पोटात आग पडते नुसती.” गणपती झाल्यावर ते गिरणीत रुजू झाले. १९७८ च्या पावसाळ्यात रुमालात रक्त आले.

पुढची पंचवीस वर्षे, म्हणजे वडील असेपर्यंत आणि नंतरही, आमच्या घरात त्या कोनाड्याचा उल्लेख होई. “मधेच सोडलंत,” एवढेच आई म्हणे. मीही मनातून वडिलांना दोष देत आलो. मी डॉक्टर नाही. एका शाळेत प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून माझी नोकरी झाली. परीक्षानळ्या, तापमापक आणि स्पिरिटचा दिवा यांच्याशी जेवढा संबंध आला तेवढेच माझे शास्त्र. बाकीचे वाचत, विचारत, चुकत शिकलो. पण एक प्रश्न सुटत नव्हता. औषध जर दोन महिन्यांत ताप घालवते, तर जंतू मारायला त्याला वर्ष का लागते? या प्रश्नाचा माग काढताना मी जिथे पोचलो तिथे तापमापक होता. तो माग या लेखात मांडतो आहे.

घाटावरची थंडी

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर आणि पुढे पाचगणी. खाली सावित्रीच्या खोऱ्यात एप्रिलमध्ये अंगाची काहिली होत असते तेव्हा सव्वाचार हजार फुटांवरच्या पाचगणीत रात्री पांघरूण लागते. या थंड हवेसाठीच डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली तिथे ‘बेल-एअर’ हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम सुरू केले. युरोपात ही पद्धत १८५० च्या दशकापासून रूढ होत होती. हेर्मान ब्रेमर याने प्रशियातल्या डोंगराळ ग्योर्बर्सडॉर्फमध्ये असे आरोग्यधाम काढले होते. उघड्या सज्जात खाटा, भरपूर दूध-अंडी, सक्तीची विश्रांती आणि थंड, कोरडी हवा असा तो उपचार.

आमच्या भागातली मंडळी पाचगणीला जात ती टोपल्या विकायला किंवा मजुरीला. तिथे खाट घेण्याची ऐपत कुणाची होती? पण ‘थंड हवेत क्षय बरा होतो’ हा समज मात्र घाट उतरून खाली आला होता. वडिलांनाही लोक सांगत, “वर जाऊन राहा चार महिने.”

थंडी रोगजंतूचे काय करते, हे समजायला मुळात जंतू सापडायला हवा होता. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू दाखवला. तो नळीत वाढवताना कॉखने दोन गोष्टी सांभाळल्या. एक, नळ्या माणसाच्या अंगाइतक्या उबेत, सुमारे ३७ अंशांवर ठेवल्या. दोन, धीर धरला. इतर जंतूंचे ठिपके एका रात्रीत दिसतात, या जंतूचे दिसायला आठवडे लागले. आज आपल्याला माहीत आहे की क्षयाचा जंतू एकाचे दोन व्हायला वीस तासांच्या आसपास घेतो. आतड्यातला ई. कोलाय हा जंतू चांगल्या परिस्थितीत तेच काम वीस मिनिटांत उरकतो.

म्हणजे जंतूला ऊब लागते, हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. मग पाचगणीच्या थंडीने तो मरायला नको का? इथे साधी गोष्ट विसरली जाते. बाहेर कितीही गारठा असला तरी माणसाच्या छातीत ३७ अंशच असतात. थंड हवा सज्जातल्या खाटेला लागते, फुप्फुसातल्या जंतूला लागत नाही. आरोग्यधामात काही रोगी बरे होत ते विश्रांतीने, पोटभर अन्नाने आणि स्वतःच्या शरीराच्या ताकदीने. थंडीचे श्रेय चुकीच्या खात्यावर जमा झाले होते. पण ‘थंडीचा जंतूवर काय परिणाम होतो’ हा प्रश्न निरर्थक नव्हता. तो पुढे प्रयोगशाळेत फार वेगळ्या रूपात परत आला.

मातीतले औषध

१९ ऑक्टोबर १९४३ रोजी अमेरिकेतील रटगर्स येथे अल्बर्ट शाट्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. त्याचे मार्गदर्शक सेल्मन वाक्समन. श्रेयावरून दोघांत कोर्टकज्जा झाला आणि १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वाक्समन यांना मिळाले. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. आपल्यासाठी महत्त्वाचे हे की क्षयाच्या जंतूला मारणारे, माणसाला देता येईल असे पहिले प्रभावी औषध हाती आले.

ब्रिटनमध्ये औषध फार थोडे होते. म्हणून तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रोग्यांची वाटणी करून रीतसर चाचणी घेतली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. एकूण १०७ रोगी. ५५ जणांना विश्रांतीसोबत औषध, ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले ४ दगावले होते, दुसऱ्यातले १४. औषध काम करत होते यात शंका नव्हती. पण त्याच अहवालात धोक्याची घंटाही होती. बहुतेकांच्या थुंकीतले जंतू काही आठवड्यांतच औषधाला दाद देईनासे झाले होते. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा दोन गटांतला फरक बराचसा पुसला गेला होता. एकट्या औषधाने भागत नाही, हा धडा तेव्हा मिळाला. मग पास आणि १९५२ साली आलेले आयसोनियाझिड यांची जोड देण्यात आली.

आपल्याकडे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. आधी पेनिसिलिन, पुढे स्ट्रेप्टोमायसिन देशातच बनू लागले. १९५६ साली मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. तिथल्या प्रयोगाने १९५९ साली दाखवून दिले की आरोग्यधामातल्या खाटेवर झोपून औषध घेणारा आणि झोपडीत राहून तेच औषध घेणारा, दोघे जवळपास सारखेच बरे होतात. थंड हवा, अंडी, दूध, सज्जा यांवाचून अडत नाही. अडते ते औषध नियमित पोटात जाण्यावाचून. १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला आणि औषध जिल्ह्याजिल्ह्यांत पोचू लागले. आमच्यासारख्यांच्या घरी सुई पोचली ती या वाटेने.

माटुंग्याहून हार्वर्डला

औषध पोचले, पण ते जंतूच्या आत कसे शिरते, हे अजून कुणाला नीट ठाऊक नव्हते. या प्रश्नाला हात घालणाऱ्यांत एक नाव आपल्या ओळखीचे निघाले, तेव्हा मला फार आनंद झाला. डॉ. नित्यानंद. १९२५ साली लायलपूरला जन्मलेला हा पंजाबी तरुण १९४० च्या दशकात मुंबईत होता. माटुंग्याच्या केमिकल टेक्नॉलॉजी विभागात प्रा. के. वेंकटरामन यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. माझे वडील पुढे ज्या गिरणीत साचे चालवत, तिथून माटुंगा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नंतर केंब्रिजला अलेक्झांडर टॉड यांच्याकडे त्यांनी दुसरी डॉक्टरेट मिळवली आणि १९५१ साली ते लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत रुजू झाले. ‘सहेली’ ही संततिनियमनाची गोळी त्यांच्या नावाशी जोडलेली आहे, म्हणून लोक त्यांना ओळखतात. पण त्याआधी, १९५८-५९ च्या सुमारास ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात बर्नार्ड डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेत होते.

तिथे त्यांनी, डेव्हिस यांनी आणि ए. के. आर्मिटेज यांनी ई. कोलाय जंतूवर काम केले. प्रश्न साधा होता. जंतूंच्या द्रवात स्ट्रेप्टोमायसिन मिसळले, तर किती औषध आत जाते आणि केव्हा? १९६० च्या जानेवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचे निबंध आले. त्यांचा सारांश माझ्या भाषेत असा. औषध मिसळताच थोडा अंश जंतूला लगेच चिकटतो. मग थोडा काळ विशेष काही घडत नाही. आणि त्यानंतर औषधाची दुसरी, मोठी आवक सुरू होते. त्याच सुमारास जंतूचे अंतःपटल फुटक्या घागरीसारखे पाझरू लागते आणि जंतू मरतो. क्लोरॅम्फेनिकॉल देऊन जंतूचे प्रथिने बनवण्याचे काम आधीच बंद पाडले, तर ही दुसरी आवक होत नाही.

शाळेत आम्ही पोटॅशियम परमँगनेटचा खडा पाण्यात टाकून दाखवायचो. जांभळा रंग आपोआप पसरतो. गरम पाण्यात लवकर, गार पाण्यात सावकाश, पण पसरतो. मी समजत होतो की औषध जंतूत असेच भिनत असेल. तसे नव्हते. पहिले चिकटणे तेवढे रंगासारखे, आपोआप होणारे. भिंतीला चुना लागावा तसे. खरे आत शिरणे मात्र जंतूच्या स्वतःच्या जिवंत कामकाजावर अवलंबून होते.

पुढच्या पंचवीस वर्षांत हे चित्र भरत गेले. स्ट्रेप्टोमायसिनचा खरा घाव जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने बनवण्याच्या यंत्रावर बसतो, हे कळले. १९६४ साली डेव्हिस, वॉल्टर गिल्बर्ट आणि लुइजी गोरिनी यांनी दाखवले की या औषधामुळे ते यंत्र चुकीचे वाचते. (हे ज्युलियन डेव्हिस, मघाचे बर्नार्ड डेव्हिस वेगळे.) कॅनडात ब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दाखवले की औषध आत ओढायला जंतूच्या पटलावरचा विद्युत्भार लागतो आणि तो भार टिकतो श्वसनातून येणाऱ्या ऊर्जेवर. प्राणवायूवाचून जगणाऱ्या जंतूंवर हे औषध चालत नाही ते यामुळेच. १९८७ साली बर्नार्ड डेव्हिस यांनी सगळे धागे एकत्र बांधले. सुरुवातीला थोडे औषध आत जाते, यंत्र चुकते, चुकीची प्रथिने पटलात जाऊन बसतात, पटलाला भोके पडतात आणि मग औषध लोंढ्याने आत येते.

आता तापमापक लावून पाहू. हेच जंतू बर्फात ठेवून थंड केले आणि औषध दिले, तर पहिले चिकटणे होते. ते आपोआपचे आहे, त्याला जंतूची मर्जी लागत नाही. पण पुढची आवक थांबते. श्वसन मंदावलेले, यंत्र थंडावलेले, आत ओढणार कोण? बाहेर औषधाचा समुद्र असतो आणि जंतू त्यात कोरडा राहतो. सायनाइडसारखे विष देऊन श्वसन बंद पाडले तरी तेच घडते. म्हणजे विष पिण्यासाठीही जंतूला जागे असावे लागते. माझ्या वाचनातला हा सर्वांत चकित करणारा शोध.

विरजण आणि आठ अंश

इथवर सगळे ई. कोलायचे झाले. क्षयाचा जंतू वेगळा. त्याच्या अंगावर मेणकट कवच, त्याची वाढ संथ. त्याच्याबद्दलचा प्रयोग शोधताना मला डेनिस मिचिसन यांचे नाव सापडले. लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये काम करणारे हे जीवाणुशास्त्रज्ञ मद्रासच्या केंद्राच्या कामाशी सुरुवातीपासून जोडलेले होते. त्यांच्यासमोर नेमका माझाच प्रश्न होता. बहुतेक जंतू पहिल्या काही दिवसांत मरतात, मग उरलेले मूठभर इतके महिने का टिकतात? आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या रिफाम्पिसिनने उपचार सहा महिन्यांवर कसा आला?

तो प्रयोग सांगण्याआधी एक घरगुती गोष्ट सांगतो. पौषात आमच्याकडे दही लागत नाही. रात्री विरजण लावलेले दूध सकाळी जसेच्या तसे. आई भांडे घोंगडीत गुंडाळून तांदळाच्या कणगीत ठेवायची, मग लागायचे. न लागलेल्या दुधातले विरजण मेलेले नसते. ते निजलेले असते. ऊब मिळाली की उठते आणि कामाला लागते.

मिचिसन आणि त्यांच्या सहकारी जीन डिकिन्सन यांनी १९८१ साली जे प्रसिद्ध केले ते याच धर्तीचे होते. क्षयाचे जंतू त्यांनी आठ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या घरच्या फ्रीजच्या आसपासच्या गारव्यात ठेवले. तिथे ते जवळजवळ निजून राहतात. मग रोज थोडा वेळ त्यांना ३७ अंशांच्या उबेत आणले. काही संचांत तर दिवसातून फक्त एक तास. पुन्हा आठ अंश. औषध मात्र सोबत होतेच. एका संचात आयसोनियाझिड, दुसऱ्यात रिफाम्पिसिन.

आयसोनियाझिड वाढत्या जंतूला झपाट्याने मारते. पण तासाभरासाठी जाग्या होणाऱ्या जंतूवर त्याचा जोर फारसा चालला नाही. रिफाम्पिसिनने तेवढ्या छोट्या जागेपणातही जंतू गाठला. कारण ते जंतूचे अगदी पहिले काम, म्हणजे आरएनए बनवणे, तिथेच अडवते. जंतू डोळे उघडतो न उघडतो तोच घाव बसतो. इथे मुद्दा केवळ औषध आत शिरण्याचा राहत नाही. आत गेलेल्या औषधाला घाव घालायला चालू असलेले काम लागते, हाही आहे. पण हार्वर्ड आणि हॅमरस्मिथ, दोन्हींचा निष्कर्ष एका ओळीत बसतो. निजलेल्या जंतूला औषध लागू पडत नाही.

वाचक विचारतील, माणसाच्या छातीत कुठे आठ अंश असतात? बरोबर आहे. मघाशी पाचगणीबद्दल मीच ते लिहिले. आठ अंश ही प्रयोगशाळेने जंतूला निजवण्यासाठी वापरलेली युक्ती आहे. छातीत त्याला निजवणारी कारणे वेगळी. गाठीच्या आत प्राणवायू कमी, काही जागी आम्लता जास्त, भोवती शरीराच्या पेशींचा वेढा. अशा जागी काही जंतू काम आवरून पडून राहतात. मधूनच एखादा जागा होतो, थोडा वेळ काम करतो, पुन्हा निजतो. तो केव्हा जागा होईल ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून औषध रोज हजर ठेवावे लागते, महिनोन्महिने. पाहुणा कोणत्या एसटीने येणार ते ठाऊक नसेल तर प्रत्येक गाडीला थांब्यावर जाऊन उभे राहावे लागते, तसे.

ताप मात्र जागे, वाढणारे जंतू आणि त्यांच्याशी लढणारे शरीर यांतून येतो. ते जंतू पहिल्या आठवड्यांत मेले की ताप उतरतो. निजलेल्यांची खबर तापमापकाला लागत नाही. १९७६ च्या लावणीच्या वेळी वडिलांच्या अंगात ताप नव्हता. छातीत निजलेले जंतू होते.

कानातले दार

१९७८ साली दुसऱ्यांदा सुया सुरू झाल्या आणि या वेळी जास्त दिवस चालल्या. आईच्या पाटल्या मोडून मुंबईहून रिफाम्पिसिनच्या कॅप्सूल आणल्या. लघवी नारिंगी व्हायची, त्याला आजी घाबरायची. वडील वाचले. पण एक गोष्ट गेली ती कायमची. अंधारात त्यांना तोल सावरता येईना. दिवसा ते ठीक चालत. रात्री शेताच्या बांधावरून येताना दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खात. आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसाकडे लोक हसून पाहत. हातात कंदील असला तर जमे. म्हणून आमच्या घरी कंदिलाच्या काचा कायम दोन आणून ठेवलेल्या असत.

हा स्ट्रेप्टोमायसिनचा जगभर माहीत असलेला दोष. अमेरिकेत हिनशॉ आणि फेल्डमन यांनी पहिल्या रोग्यांविषयी लिहिताना १९४५ सालीच तोल जाण्याची नोंद केली होती. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणाऱ्या आणि ऐकणाऱ्या बारीक केसाळ पेशी असतात. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा येत नाहीत. उजेडात डोळे त्यांची जागा घेतात, अंधारात कुणी घेत नाही.

हे औषध नेमके याच पेशींत का शिरते, हे वाचताना मी थबकलो. हालचाल जाणण्यासाठी या पेशींना सूक्ष्म दारे असतात आणि आतल्या-बाहेरच्या विद्युत्भारात फरक असतो. धन भार असलेले स्ट्रेप्टोमायसिन त्या दारांतून आत ओढले जाते. जंतूच्या पटलावर जे बळ औषध ओढून घेते, त्याच जातीचे बळ इथेही. जंतू जागा आहे म्हणून विष पितो. कानातली पेशी तर कायम जागी. निजलेला जंतू सुटतो आणि जागी पेशी सापडते, असा हा उलटा हिशेब.

वडिलांनी पहिल्या खेपेला गोळ्या सोडल्या नसत्या तर दुसऱ्या खेपेच्या सुया बहुधा लागल्या नसत्या आणि तोलही कदाचित राहिला असता. हे खरेच आहे, आई चूक म्हणत नव्हती. पण मी जी गोष्ट त्यांच्या बेफिकिरीची समजत होतो ती आता तशी वाटत नाही. डिकिन्सन आणि मिचिसन यांचा निबंध १९८१ चा. वडिलांनी पुडी कोनाड्यात सारली १९७६ ला. गोळ्या वर्षभर घ्याव्या लागतात हे तेव्हाच्या डॉक्टरांना अनुभवाने पक्के ठाऊक होते. ‘का’ याचे उत्तर प्रयोगशाळेतही अजून जुळत होते. वडिलांना सांगितले गेले ते इतकेच की “घेत राहा.” आणि ताप हीच रोगाची खूण मानणाऱ्या शहाण्या माणसाने, ताप नाही म्हणजे रोग नाही, हा सरळ हिशेब केला. त्यात पोटातली आग होती, बुडणारा रोज होता, मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालणारे घर होते. चुकीच्या माहितीवर केलेला तो बरोबर हिशेब होता.

आता

आता सुया गेल्या. पुन्हा उलटलेल्या क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनची सुई घालून दिला जाणारा जुना उपचार २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने बंद करायला सांगितला. साध्या क्षयाला सहा महिन्यांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात. तरीही दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ताप जातो, भूक लागते आणि माणूस तोच प्रश्न विचारतो, जो वडिलांनी विचारला होता.

मागच्या पौषात वाडीतल्या एका तरुणाच्या आईने मला बोलावले. मुलगा पनवेलला कामाला, क्षयावर गोळ्या सुरू होऊन दोन महिने झालेले. म्हणत होता, “काका, मी ठणठणीत आहे. मळमळतं उगाच.” मी त्याला मळमळीबद्दल आधी दवाखान्यात सांगायला लावले, ते माझे काम नव्हे. मग त्याच्या आईला विचारले, काल दही लागले का? म्हणाली, “थंडीत कुठलं लागतंय? तसंच दूध आहे.” मी म्हटले, भांडे घोंगडीत गुंडाळून ठेवा, आणि त्याला म्हटले, संध्याकाळी झाकण तू काढ.

संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर आला. दही लागले होते. मग मी त्याला आठ अंश आणि सदतीस अंश सांगितले, हॅमरस्मिथ सांगितले आणि शेवटी आमचा कोनाडाही सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारले, “म्हणजे अजून चार महिने?”

मी म्हटले, “चार महिने. रोज.”

त्याने जूनमध्ये गोळ्या पुऱ्या केल्या. दवाखान्याचा कागद दाखवायला तो आला तेव्हा पाऊस लागला होता आणि वीज गेली होती. वाडीपर्यंत बांधावरून जायचे, म्हणून मी त्याला कंदील देऊ केला. “नको काका, दिसतंय,” म्हणाला आणि अंधारात सरळ चालत गेला. मी दारात उभा राहून पाहत होतो.